बडीशेपेच्या नावाची खोली

दादरच्या एका चर्चची देखभाल करणाऱ्या अंकलइतका दारात रमणारा माणूस उभ्या मुंबईत नसेल. आत रंगीत काचा, कोरीव लाकूडकाम, सगळं होतं. पण पाहुणा आला की अंकल त्याला अर्धा तास दारातच धरून ठेवत. समोरच्या अंगणाला कोणी 'कंपाउंड' म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. "पार्विस म्हण! पॅराडाइसवरून आलाय शब्द. तू स्वर्गात स्कूटर लावलीस, मॅन!" असं त्यांनी एका कुरियरवाल्याला सुनावलं, तेव्हा तो बिचारा सही न घेताच पळाला.

मी तिथे बाकांना पॉलिश करायला गेलो होतो. सातवीत शाळा सोडलेला, नांदेडकडचा; मुंबईतलं पहिलं मोठं काम. ते गेलं तर गावचा रस्ता, एवढंच डोक्यात. पहिल्याच सकाळी अंकलनी मला दारामागच्या लांबट खोलीत थांबवलं. "ही नार्थेक्स. बडीशेपेच्या जातीचं एक उंच झाड असतं, त्याचं हे ग्रीक नाव. खोली बघ, त्या दांड्यासारखीच लांब, अरुंद. ज्यांचा बाप्तिस्मा झाला नाही, ते इथेच थांबायचे." एवढं बोलून ते फोन घ्यायला गेले. मी थांबलो. तीन दिवस थांबलो. प्रार्थनेला येणाऱ्यांना हात जोडून एकेक बाक बाहेर आणवायचा, तिथेच पॉलिश पेपर मारायचा. आपली लाडकी खोली कोणाला तरी आवडली म्हणून अंकल खूश. दुपारी स्वतःच्या हाताने चहा आणून देत.

चौथ्या दिवशी कंत्राटदार आला. "तीन दिवसांत चार बाक? उद्यापासून येऊ नको."

मी कसाबसा म्हणालो, "आत कसा जाऊ, शेठ? माझा बाप्तिस्मा नाही झालेला. अंकलच बोलले."

अंकलनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे बाबा, ती हजार वर्षांपूर्वीची गोष्ट! पुढचं सांगायचंच राहिलं." मग कंत्राटदाराकडे वळून म्हणाले, "चूक माझी. ह्याला काढलंत, तर फादरना मी सांगेन की काम मीच अडवलं."

कंत्राटदार पुटपुटत निघून गेला. माझे डोळे भरून आले ते लपवायला मी पॉलिश पेपर शोधू लागलो. अंकलनी माझा हात धरला आणि मला आत नेलं. वेदीजवळच्या बाकापर्यंत चालताना ते एक शब्दही बोलले नाहीत.

पुढे ते मुलीकडे वसईला राहायला गेले. मी मुंबईत राहिलो.