हसलात की बटण दाबा

कॅमेरा बनवणाऱ्यांनी माझ्यासारख्यांचा विचार केलेला नाही. शटरचं बटण उजवीकडे, पकडायची मूठ उजवीकडे, सगळं कसं उजवीकडे. माझा उजवा हात स्कूटरच्या अपघातानंतर खांद्यापासून नुसता लोंबतो, म्हणून मी कॅमेरा उलटा धरतो. डोक्यावर उभा केला की बटण आपसूक डाव्या अंगठ्याशी येतं. फोटोही उलटेच येतात, ते नंतर सुलटे करायचे. हॉस्पिटलातून घरी आल्यावर पलंगावर बसून सगळ्या जगावर चिडत खटपट करताना मला ही युक्ती सुचली. पहिल्यांदा तसा कॅमेरा धरून गच्चीवर उभा राहिलो, तर आमच्या पंजाबी घरमालकीणबाई अंगणातून काळजीनं म्हणाल्या, "पुत्तर, कॅमरा पुट्ठा फड़ेया ए," म्हणजे उलटा धरलायस. मी म्हटलं, "जी, अब ऐसेही पकडना है." संध्याकाळी त्यांच्याकडून वाडगाभर खीर आली.

मी मूळचा सांगलीचा. बायको इथं डॉक्टर आहे, तिच्या नोकरीमुळे आम्ही चंडीगडला आलो. बायकोच्या मागोमाग आलेला नवरा असं मला नातेवाईक म्हणतात. म्हणोत बापडे. अपघाताआधी मी लग्नांचे फोटो काढायचो. अपघातानंतर ते जमेना, कारण तिथं कोण कुठून धक्का देईल याचा नेम नाही. मग घरावरची बरसाती, म्हणजे गच्चीवरची एकुलती एक खोली, साफ केली आणि तिथं माणसांना बसवून त्यांचे चेहरे टिपायला लागलो.

अडचण पुन्हा हातांचीच. चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा पत्रा लागतो. कॅमेरा तिपाईवर लावला, पत्रा डाव्या हातात धरला, मग बटण दाबणार कोण? बायको ड्यूटीवर, मुलगी शाळेत. एक दिवस वैतागून मी समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्याच हातात कॅमेऱ्याचा रिमोट दिला आणि म्हटलं, तुम्हाला वाटेल तेव्हा दाबा.

सुरुवातीला फजिती झाली. माणसं बटण दाबताना बटणाकडेच बघत. आठवडाभरात माझ्याकडे नुसत्या खाली घातलेल्या मानांचे फोटो जमले, सगळ्यांनी एकदम कसली तरी शरम वाटून घेतल्यासारखे. मग मी रिमोटचा हात शालीखाली, नाहीतर पाठीमागे ठेवायला सांगू लागलो. त्यानंतर मात्र मजा येऊ लागली. जवळच्या खरड गावातल्या कॉलेजची एक मुलगी बराच वेळ बटण न दाबता नुसती बसून राहिली आणि दाबलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. घरमालकीणबाई दर वेळी डोळे मिटून दाबत. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ऐसे शांती मिलती है. बटण माझ्या हातात होतं तेव्हा मी माणसांना पकडत होतो. आता ती आपणहून येत होती. दोन्ही हात धड असते तर हे मला जन्मात कळलं नसतं. हे मी अपघाताचे आभार मानायला सांगत नाही. पण जे हाती आलं त्याचे आभार मानायला मला लाज वाटत नाही.

गेल्या थंडीत मराठी मंडळाच्या गणपतीतल्या ओळखीच्या एका काकूंचा फोन आला. त्या अमरावतीकडच्या. काका हवाई दलात होते, निवृत्तीनंतर दोघं इथंच राहिले. काकांना पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरतो, चाल बारीक झालीय आणि चेहरा दगडासारखा झालाय. काकूंना त्यांचा हसरा फोटो हवा होता.

"घरात सारे युनिफॉर्मातले फोटो," त्या फोनवर म्हणाल्या. "एकातही हसले नाही. घरी मात्र भाय हसत, पोट धरधरून. मी म्हटलं, काढू कधी तरी. अन् आता हे असं झालं."

मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खरं सांगू? मी दिवसभर बोलते त्यायच्याशी. पण तोंडाकडे पाह्यलं की वाटते, यायले माझा कंटाळा तर नाही आला? मले आता समजतच नाही."

फोन ठेवून मी बायकोला गाठलं. हा रोग चेहऱ्याचे स्नायू आखडतो, आतला माणूस तसाच असतो, हे बायकोनं मला सांगितलं. काकूंनाही डॉक्टरांनी ते सांगितलं असणारच. पण जेवायला समोर बसलेला चेहरा रोज वेगळंच सांगत असेल, तर डॉक्टरांचं ऐकायचं की डोळ्यांचं?

काकांना बरसातीचा जिना चढता येणार नव्हता, म्हणून खाली अंगणातच खुर्च्या मांडल्या. दोनचार दिवसांच्या धुक्यानंतर ऊन पडलं होतं. काकूंनी काकांना सूट, टाय, आत स्वेटर, वर शाल असं नटवून आणलं होतं. मी तिपाई लावली, पत्रा धरला. काकू माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणू लागल्या, "हसा ना हो. थोडंसं." घरमालकीणबाईंनी एक चुटका सांगितला. काकूंनी वेडंवाकडं तोंडसुद्धा करून दाखवलं. काकांचा चेहरा जराही हलला नाही. नुसते बघत राहिले, हजेरी घेणाऱ्या साहेबासारखे. काकूंनी तोंड फिरवलं आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

मी रिमोट काकांच्या डाव्या हातात दिला. तो हात बराच शांत होता. म्हटलं, "काका, आपले दोघांचे डावेच हात कामाचे. चेहऱ्याचं सोडून द्या. आतून हसू आलं की हे दाबा." मग काकूंना त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, घरी बोलता तसं बोला.

काकू अवघडल्या. मग रागावल्याच. "काय बोलू? स्वेटरची गुंडी पाहा, खालची वर लावली. लहान लेकरू बरं."

खट्. कॅमेरा वाजला.

"काय झालं?"

"काका हसले," मी म्हटलं.

"हात हालला असंल."

त्यांनी परीक्षाच घेतली. गीझर बिघडलाय, मिस्त्री आला नाही, भाजी महाग झाली, असं सगळं बोलून पाहिलं. कॅमेरा गप्प. मग त्यांनी स्कूटरची गोष्ट काढली. नव्या नव्या चंडीगडला आल्या तेव्हा काकांनी त्यांना स्कूटर शिकवली. रस्ते रुंद, मोकळे, भीती कशाची? पण चौकातलं गोल चक्कर आलं. आत शिरायचं कसं ते काकांनी सांगितलं होतं, बाहेर पडायचं कसं ते सांगायचं राहिलं.

"मी आपली फिरतेच," काकू म्हणाल्या. खट्. "हे मधातल्या गवतावर उभे राहून वरडतात, लेफ्ट, लेफ्ट." खट्. "आता फिरणाऱ्या बाईले लेफ्ट कोणतं अन् राइट कोणतं? शेवटी पेट्रोल संपलं तवा थांबली." खट्, खट्.

काकू काकांकडे वळून त्यांच्या त्या तशाच चेहऱ्याकडे बघत राहिल्या. घरमालकीणबाईंना मराठी कळत नव्हतं, तरी त्या ओढणीनं डोळे टिपत होत्या. पत्रा धरून माझा हात भरून आला होता, पण मी तो खाली केला नाही.

नंतर मी दोघांना कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत काकू वेगळ्या, कुठं चिडलेल्या, कुठं हातवारे करणाऱ्या. काका सगळ्यांत एकसारखे. हसरा फोटो मागितला होता, तो काही मी देऊ शकलो नव्हतो, आणि तसं मी सांगितलंही. काकूंनी सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले आणि म्हणाल्या, "हे सारेच द्या."

ऊन भिंतीवर चढलं होतं. मी पत्रा ठेवायला जिन्याकडे गेलो. रिमोट शालीखाली काकांच्या हातातच राहिला होता आणि कॅमेरा चालू होता, पण ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. काकूंना काकांच्या बुटाची लेस सुटलेली दिसली. त्या गुडघ्यावर हात टेकत, कण्हत खाली बसल्या आणि लेस बांधता बांधता स्वतःशीच पुटपुटायला लागल्या. "बिनलेसचे जोडे घ्या म्हटलं तर नाही. साहेबाले लेसवालेच पाहिजे. माझे गुडघे गेले तरी चालतील."

खट्.

काकूंनी मान वर केली नाही. लेस बांधून झाली होती. त्यांनी ती सोडली, आणि आणखी काहीबाही कुरकुरत सावकाश पुन्हा बांधायला घेतली.