खोलताईंचे मंगळवार

आमच्या समाजकल्याण केंद्रात ताईंना तोंडावर सगळे ताई म्हणतात. खोलताई हे नाव पाठीमागे चालतं, आणि ते मीच पाडलंय. गेली चौदा वर्षं ताई बोलतात आणि मी टाइप करते, तेव्हा तेवढा हक्क मला आहे. कोणी काहीही सांगितलं की ताई खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, "हे वरवरचं झालं. जरा खोलात जाऊ या." खोलात गेलं की तिथे हमखास कोणाची तरी आई नाहीतर वडील सापडतात.

कपाटाचं दार बसवायला सुतार तीनदा कबूल करून आला नाही, तेव्हा ताई म्हणाल्या, त्याला कुठलंही काम पुरं करण्याची लहानपणापासून भीती आहे. सुतार म्हणाला, बिजागरी मिळाली नव्हती. शिपाई किल्ली घरी विसरला, तर म्हणे त्याच्या अबोध मनाला ऑफिस उघडायचंच नव्हतं. हे मात्र मला पटलं. मी कागदांना दोन-दोन पिना मारते, त्याचं मूळ त्यांनी माझ्या वयाच्या तिसऱ्या वर्षात शोधलं. मूळ आमच्या स्टेपलरमध्ये आहे, त्याची पहिली पिन कधीच बसत नाही. पण सांगून काय, पालथ्या घड्यावर पाणी.

मी चेष्टा करते म्हणून त्या कामात कच्च्या आहेत असं समजू नका. बोलणंच सोडून दिलेल्या मुलीपुढे बाकीचे हात टेकतात, तिथे ताई नुसत्या बसून राहतात, आठवड्यामागून आठवडे. आणि ती मुलगी बोलते. मी पाहिलंय.

मग घड्याळवाल्या आजोबांची फाइल आली. वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेलं, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटे. परगावच्या मुलाने अर्ज केला होता की वडिलांना आता वृद्धाश्रमात हलवा. आजोबांना खोली सोडायची नव्हती. दहा आठवडे दर मंगळवारी अकरा वाजता जायचं आणि ते एकटे राहू शकतात का हे ठरवायचं, हे काम ताईंकडे आलं.

आजोबांच्या नाकावर राग. ताईंनी पिशवी चुकीच्या खुर्चीवर ठेवली, दार जोरात लावलं, पेन दातात धरलं, प्रत्येक गोष्टीवरून बोलणी. ताई परत येऊन शांतपणे मजकूर सांगायच्या, "लिही. आजोबांचा राग माझ्यावर नाहीच. त्यांच्या मनात दुसरंच कोणीतरी आहे, मी फक्त समोर बसले आहे."

मी लिहून घेतलं. पण मला डोळे आहेत. साहेबांच्या मीटिंगला अर्धा तास उशिरा जाणारी ही बाई मंगळवारी सकाळपासून घड्याळ बघायची. बूट चकचकीत. आजोबांच्या जिन्यात लवकर पोहोचून अकरा वाजेपर्यंत पायऱ्यांवर उभी राहायची, हे तिच्याच नोंदींत असायचं. एकदा तर भिंतीवरचं स्वतःचं प्रशस्तिपत्रक फ्रेमसकट पिशवीत घालून नेलं. "आजोबांना दाखवते," म्हणाल्या.

आमच्याकडे रीत अशी, की अहवाल वर पाठवण्याआधी ज्याच्याबद्दल लिहिलाय त्याला वाचून दाखवायचा. नवव्या मंगळवारी ताईंनी कच्चा मसुदा वाचायला घेतला. आजोबांनी त्यांना अकरा वेळा थांबवलं. क्रियापद चुकलं, वाक्य लांबलं, हा शब्द असा वापरत नाहीत. ताई लालबुंद होऊन परत आल्या आणि उभ्या उभ्याच सांगू लागल्या, "लिही. गॅसवरचं भांडं दोनदा माझ्यासमोर करपलं. एकटे राहणे धोक्याचे. वृद्धाश्रमाची शिफारस. उद्या पाठव."

मी पाठवलं नाही. जुन्या नोंदी काढल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवल्या. भांडं करपलं त्या दोन्ही दिवशी ताई जिन्यात थांबल्या नव्हत्या, दहा मिनिटं आधीच दार वाजवलं होतं. त्यातला एक दिवस प्रशस्तिपत्रकाचा. आजोबा अकरासाठी चहा टाकून उभे. दार वाजलं तसे "अकरा म्हणजे अकरा" असं ओरडत बाहेर आले, आणि ओरडण्याच्या भरात चहा गॅसवरच राहून गेला. बाकी सातही मंगळवारी अकराच्या ठोक्याला कप भरलेले होते, हेही ताईंनीच लिहून ठेवलं होतं.

"ताई," मी म्हटलं, "हे वरवरचं झालं. जरा खोलात जाऊ या का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी नोकरी गेलीच. मग त्या बसल्या.

"मी वसतिगृहातून घरी पत्रं लिहायचे," त्या म्हणाल्या. "बाबा ती दुरुस्त करून परत पाठवायचे. कानामात्रेसकट. उत्तर कधी आलं नाही, माझंच पत्र यायचं."

मला फार वाईट वाटलं. चौदा वर्षांत सगळ्यांचे आईवडील निघाले, पण ताईंनाही वडील असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"त्यांच्यावरच्या रागात मी त्या म्हाताऱ्याला घराबाहेर काढत होते गं," ताई म्हणाल्या.

नवा अहवाल तीन पानांचा झाला. आजोबा एकटे राहू शकतात, शेजारीण दिवसातून एकदा डोकावेल. शेवटी ताईंनी एक वाक्य घातलं: 'भांडे दोन्ही वेळा कार्यकर्तीमुळे करपले, कारण ती आपल्या वडिलांना खूश करण्याच्या घाईत लवकर पोहोचली.' साहेब हसतील, असं मी म्हटलं. "हसू देत," म्हणाल्या.

दहाव्या मंगळवारी त्यांनी मला सोबत नेलं. आजोबा पेन्सिल घेऊन बसले आणि पहिल्या पानापासून सपासप खुणा करत गेले. शेवटचं वाक्य ताईंनी दोनदा सुरू केलं. आजोबांची पेन्सिल थांबली.

"वडील आहेत?" त्यांनी विचारलं.

"नाहीत."

 आजोबांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. "पहिल्यापासून वाचा," ते म्हणाले. "मी मध्ये बोलणार नाही."

ताईंनी तीनही पानं पुन्हा वाचली. दुसऱ्या पानावर माझी एक ढोबळ चूक राहिली होती. ती आजोबांच्या लक्षात आली, हे मला त्यांच्या भुवईवरून कळलं. ते बोलले नाहीत.