अब्बांनी उभी केलेली बॅग
काल माळ्यावरून ट्रेकची जुनी बॅग काढली आणि चेन उघडताच फोमचा कोंदट वास आला. उमरग्यात हायवेला लागून अब्बांचं ट्रकच्या सीटा शिवायचं दुकान होतं, तिथं दिवसभर हाच वास असायचा. तेव्हा कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर मी पहिल्यांदाच सह्याद्रीत गडावर निघाले होते. बॅग स्वस्तातली, आत सांगाडा नाही. भरली की गोणीसारखी लोंबायची. अब्बांनी दुकानातच माझी झोपायची फोमची चटई गुंडाळून बॅगेत उभी घातली, आतून सैल करून कडेला टेकवली आणि मधल्या पोकळीत कपडे, डबा, पाण्याची बाटली दाबून भरली. बॅग ताठ उभी राहिली. मी हात पुढं केला तर म्हणाले, "थांब. आपल्या पाठीला कळल्याबिगर दुसऱ्याच्या पाठीला द्यायचं न्हाय." शिवलेल्या प्रत्येक सीटवरही ते आधी स्वतः डोळे मिटून बसायचे. मग ती गुलाबी बॅग पाठीवर घेऊन ते पंक्चरच्या दुकानापर्यंत चालत जाऊन आले. ट्रकवाले हसत होते. "अब्बा, द्या हिकडं, लोक बघायलेत," मी चिडून म्हणाले. त्यांनी बॅग उतरवली आणि दोन्ही हात कमरेवर दाबून जरा वेळ तसेच वाकून राहिले. मला ते दिसलं होतं. पण मी पट्टे ओढून माझ्या मापाचे करत होते. अब्बांना जाऊन चार वर्षं झाली. काल बॅगेतली ती चटई फरशीवर अंथरली, दोन्ही हातांनी दाबून धरली, तरी सरळ होईना. हात काढले की वाकून तशीच राहायची.