आमच्या खाडीत काही सोडायचं नाही

सिंगापूरच्या उत्तर टोकाला, जिथे बस शेवटच्या माणसाला उतरवून रिकामी परत फिरते, तिथल्या खारफुटीच्या उद्यानात मी शास्त्रज्ञ आहे. ओहोटी लागली की मांडीपर्यंतचे बूट चढवून चिखलात उतरायचं, रोवलेल्या सळ्यांवर गाळ किती चढला ते मोजायचं आणि आलो त्याच पावलांच्या खड्ड्यांतून परत यायचं. नवा खड्डा पाडायचा नाही. वन-नॉर्थच्या टेक-पार्कात एसीत बसणारे माझे पुण्याचे मित्र विचारतात, "अजून चिखलातच का रे?" हो, चिखलातच.

हीच फुशारकी मी आईलाही फोनवर मारली होती. "आई, माझं ऑफिसच खाडीत आहे!" म्हणून यंदा ती पुण्याहून शाडूची मूर्ती मांडीवर घेऊन विमानाने आली. आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये दीड दिवसाचा गणपती बसला आणि ती म्हणाली, "उद्या तुझ्या खाडीत सोडू. दर वर्षी बादलीत बुडवता देवाला. मला नाही बघवत."

"तिथे काही सोडता येत नाही, आई."

"मातीच आहे ती. रंगसुद्धा हळदीचा आणि गेरूचा. काय बिघडतं तुझ्या चिखलाचं?"

"आजी, कॅनॉट लाह," माझी मुलगी म्हणाली. "बाबाला फाइन बसेल."

"फाटकाची किल्ली ह्याच्याकडे आणि दंडही ह्यालाच?"

खरं सांगतो, एका मूर्तीने काहीही बिघडलं नसतं. हे मला ठाऊक होतं. पण गेल्याच महिन्यात त्या फाटकाशी मी एका चिनी आजोबांना अडवलं होतं. वारलेल्या बायकोला पुण्य लागावं म्हणून ते बाजारातून विकत आणलेलं कासव सोडायला आले होते. गोड्या पाण्यातलं कासव. खाडीत जगलं नसतं. त्यांनी हात जोडले, मी बधलो नाही. पिशवी छातीशी धरून ते बसथांब्यावर कितीतरी वेळ बसून होते. मी आत जाऊन सळ्या मोजल्या. त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

आता आईसाठी फाटक उघडायचं, म्हणजे त्यांना मी परके म्हणून परत पाठवलं असंच झालं असतं.

हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते कासव होतं. हा देव आहे."

"असू दे. फाटक उघडणार नाही."

"अरे, हळू बोल ना," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. माझा आवाज चढला होता. सणाच्या दिवशी, सत्तरी ओलांडलेल्या आईवर.

विसर्जन आईने स्वतः केलं. बादलीला मला हात लावू दिला नाही, आरतीत माझ्याकडे पाहिलं नाही. सकाळी मूर्ती विरघळून तळाशी बसली होती.

"हे पाणी कुठे ओतू? की त्यालाही तुझी परवानगी?"

"कुंडीत ओत, तुळशीला."

माफीचे शब्द ओठांवर आले होते. पण माफी मागितली नाही. तिला दुखावलं, ते ओझं माझं, ते मी बाळगीन. पुढच्या वर्षी ती पुन्हा मूर्ती घेऊन आली तरी माझं उत्तर हेच असेल.

ओहोटीची वेळ होत आली होती. मी दार उघडलं तेव्हा पाठीमागून तिचा आवाज आला, "डबा राहिला." वळून पाहिलं, तर ती माझ्याकडे पाठ करून निर्माल्यातली फुलं निवडत होती.