डोंबिवलीच्या रेकॉर्डिंगमधला वरचा सूर

माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे लिहिताना चुकलं तर चुकलं. ट्रंपेटवर मात्र मी चुकत नाही, असं आयुष्यभर सांगत आलो.

आमचा बँड ठाण्याचा, जुना. पोटापाण्यासाठी लग्नाच्या वराती. पण आमचे मास्तर जॅझचे वेडे. त्यांनी ते संगीत आम्हाला नुसतं ऐकवून ऐकवून शिकवलं आणि ते गेल्यावरही आम्ही सोडलं नाही. वर्षातून एकदा कोट घालून, खुर्च्या मांडून वाजवतो. तेव्हा समोर नाचणारे नसतात, ऐकणारे असतात.

वरातीत आमचा एक नियम आहे. पूल चढताना एखाद्याचा दम सुटला तर शेजारच्याने त्याचा सूर उचलायचा. गाणं तुटता कामा नये. आणि नंतर त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही.

यंदाचा कार्यक्रम डोंबिवलीत होता आणि त्याचं रेकॉर्डिंग होणार होतं. शेवटच्या गाण्यात ट्रंपेटने एक उंच सूर लांबवून धरायचा असतो. तो कायम माझा. मध्यंतरी मी पुढचे दात बसवून घेतले, तेव्हापासून ओठ पूर्वीसारखा बसत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या डाव्या हाताला दुसरा ट्रंपेटवाला बसतो. खडवलीचा, माझ्याहून बराच लहान. तालमीत तो हळूच म्हणाला, "दादा, या वेळी वरचा सूर मी घेऊ का?"

"मी मेल्यावर घे."

सगळे हसले. तोही हसला.

कार्यक्रमात मी जीव तोडून फुंकलं. हॉलभर सूर घुमला, लोक उभे राहिले. परत येताना रिक्षात मी सुनेला म्हटलं, "ऐकलंस ना? म्हणे मी घेऊ का!"

मग रेकॉर्डिंग आलं. सुनेने मोबाइल स्पीकरला जोडला. शेवटच्या गाण्यात माझा सूर चढला, पातळ झाला, थरथरला आणि नुसती हवा उरली. पण गाणं तुटलं नाही. त्याच सुराच्या पोटातून दुसरा सूर वर आला होता, इतक्या अलगद की जोड कळू नये. माणसाला आपला खोकला ओळखू येतो, तसा आपला सूरही येतो. हा माझा नव्हता. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं. स्टेजवर जे घुमलं, ते मी माझंच धरून चाललो होतो.

"बाबा, काय वाजवलंत!" सून म्हणाली.

"परत लाव," मी म्हटलं.

राग येईल असं वाटलं होतं, पण डोळे भरून आले. भर हॉलमध्ये त्याने मला पूल चढवून दिला होता, आणि टाळ्या माझ्याकडेच राहू दिल्या होत्या.

पुढच्या तालमीला तो ट्रंपेट पुसत बसलेला. मान खाली घालूनच म्हणाला, "ऐकलं का दादा रेकॉर्डिंग?"

"ऐकलं. बरं झालंय."

नियम तो नियम. मी खुर्ची उचलली आणि त्याच्या पलीकडे, डाव्या बाजूला नेऊन ठेवली. आता माझा चांगला कान त्याच्याकडे होता.

"आजपासून वरचा सूर तू घे."

"अहो, पण तुम्ही अजून मेलात कुठे?"

"तुझा दम सुटला तर शेजारी कुणी नको? वाजव गप."