तिरक्या विहिरीतला वेग

अक्कांची टीप अहवालातून मीच काढून टाकली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मला पळवाटा सुचतात.

बंगळुरात, मल्लेश्वरमच्या आमच्या ऑफिसात विहिरींच्या नोंदी तपासण्याचं काम अक्कांकडे होतं. बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातल्या. वयानं माझ्याहून मोठ्या, तरी मला सर म्हणायच्या. समुद्रात वायूसाठी नवी विहीर खोदायची होती आणि वायूचा थर किती खोल लागेल हे मला सांगायचं होतं. त्यासाठी वरून सोडलेल्या ध्वनिलहरी खडकातून किती वेगानं जातात ते कळायला हवं. जवळची जुनी विहीर तिरकी खोदलेली, तिच्यात वेग जास्त मिळाला होता. लांबची सरळ, तिच्यात कमी. मी जवळचीचा वेग धरला आणि लांबचीचं उपकरण जुनाट म्हणून तिची नोंद सोडून दिली.

"सर, स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या. "उपकरण बिघडलेलं नाही. हा खडक म्हणजे चिखलाचे दाबलेले थर. लहर थरांच्या अंगानं पळते, थर छेदून जाताना रखडते. तिरक्या विहिरीतला वेग उभ्या दिशेला लावलात तर वायू आहे त्याहून खोल दिसेल."

"मग काय करायचं?"

"दोन्ही विहिरी घेऊन दिशेप्रमाणे वेग बसवू. दोन आठवडे द्या."

"दोन आठवडे मागायला साहेबांकडे तुम्ही जाता का?"

"तुमची बोलणी मी कशाला खाऊ? मी आपली लिहून ठेवते."

त्यांनी चार ओळी लिहिल्या. मुदत त्याच दिवशी संपत होती. अहवाल पाठवण्याआधी मी त्या खोडल्या.

तीन आठवड्यांनी सकाळी खोदकामाचा रोजचा रिपोर्ट आला. वायूच्या थरावर असणारा चुनखडीचा पट्टा माझ्या अंदाजापेक्षा ऐंशी मीटर वरच लागला होता. म्हणजे वायूही वरच असणार. त्याचा दाब रोखण्यासाठी विहिरीत जड चिखल भरावा लागतो, आणि माझ्या आकड्यांच्या भरवशावर ते काम विहिरीवरच्या लोकांनी परवावर ठेवलं होतं.

मी लगेच विहिरीवर फोन लावला नाही. जुन्या फायली उघडून ती टीप कुठे शिल्लक आहे का, ते पाहत बसलो. पाच मिनिटं गेली असतील, दहाही. तिकडे ड्रिल फिरतच होतं.

"सर, फोन लावा," मागून अक्का म्हणाल्या.

मी लावला. तो विहिरीवरच्या भूवैज्ञानिकानं घेतला, सोलापूरचा होता. "खोदणं थांबवा," मी म्हणालो. "वेग चुकलाय. वायू वर आहे. आधी चिखल जड करा."

त्यानं तिथूनच ओरडून थांबवायला सांगितलं. मग विचारलं, "कधी कळलं, सर?"

"आत्ताच. तुमचा रिपोर्ट बघून."

"देवच पावला म्हणायचा."

चिखल जड केल्यावर पुन्हा खोदायला घेतलं आणि काही मीटरवरच वायू लागला. दाब आवरला. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्या दक्षतेचं कौतुक केलं. समोर अक्का चष्मा पुसत होत्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अक्का, चुकलं माझं."

"ते मला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही, त्याला सांगा."

मी पुन्हा फोन लावला. "काल खोटं बोललो. तीन आठवड्यांपूर्वीच मला सांगितलं होतं. लिहूनही दिलं होतं. मी काढून टाकलं."

पलीकडे कुणीतरी चहासाठी हाका मारत होतं.

"सर," तो म्हणाला, "पुढच्या विहिरीचे आकडे तुमचे असले तर आधी कळवा. मी रजा टाकतो."

"कळवतो," मी म्हणालो.