फोनातलं पाकीट

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. डेपो गोंदिया आणि बहुतेक वर्षं सडक अर्जुनीची गाडी. गाडी कितीही भरलेली असो, कुणी तिकीट काढलंय आणि कुणी खिडकीबाहेर बघत बसलंय, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. मी एकदा विचारलं होतं, एवढ्या गर्दीत लक्षात कसं राहतं? तर म्हणाले, "चेहरा पाह्यला का झालं. त्यात कायले डोकं लागते?" मला मात्र बाजारात सख्खी मावसबहीण भेटली तरी आधी नाव आठवावं लागतं. त्यांना त्याची फार गंमत वाटायची.

रिटायर झाल्यावर मुलीनं पुण्याहून चांगला फोन पाठवला. त्या फोनात पाकीट असतं हे कळलं आणि माणूस येडाच झाला. कार्डाचा फोटो घ्यायचा, त्याच्यावरच्या काळ्या रेघा फोन वाचतो, आणि ते कार्ड फोनात रंगीत होऊन बसतं, पत्ते लावावे तसं एकामागे एक. गाडीचं तिकीटही तसंच. दाखवायचं तेव्हा फोन तोंडासमोर धरायचा. चेहरा ओळखला की फोन उघडतो आणि पाकीटही. एवढं सगळं मला त्यांनीच शिकवलं, मी विचारलं नव्हतं तरी.

आमचं घर फुलचूरला. समोरच्या ओसरीत खुर्ची टाकून, मांडीवर पोळपाट उलटा ठेवून, त्यावर एकेक कार्ड मांडून ते फोटो घेत बसायचे. माझा पोळपाट! किराणा मॉलचं पॉइंटचं कार्ड, वाचनालयाचं, एसटीचा पास, दवाखान्याचं आरोग्य कार्ड, सगळं आत गेलं. रेघा नसलेल्या कार्डांचा नुसता फोटो जाई, तोही त्यांना चाले. फोन हलला की मलाच म्हणायचे, "हालू नको ना वो." जसं काही मीच पोळपाटावर झोपले होते.

इथपर्यंत ठीक होतं. पण कार्ड आत गेलं की ते कात्री घ्यायचे आणि कागदाचं, प्लास्टिकचं जे असेल त्याचे सरळ दोन तुकडे करायचे.

"अवो, कायले कापून राहिले? राहू द्या ना कपाटात."

"येक तिकीट दोनदा चालत नाही."

"हे तिकीट हाये का? दवाखान्याचं कार्ड हाये."

"तेच ते. दोनीकडे ठेवलं त खरं कोणतं?"

जन्मभर वापरलेली तिकिटं फाडलेल्या माणसाशी कुठं वाद घालता? माझी कार्डंही त्यांनी स्वतःच्याच फोनात घातली आणि कापली. मी भांडले. माझा साधा बटणांचा फोन होता, त्यात असलं काही बसत नव्हतं. ते हसत म्हणाले, "तू माह्यासंगच त राहते. मंग?" मी कार्डांचे तुकडे केरात लोटले आणि कुकर लावला.

दिवाळीनंतर मुलीकडे पुण्याला जायचं ठरलं. दोघांची तिकिटं आली, पाकिटात गेली. हिरव्या रंगाची होती. ती त्यांनी शेजाऱ्याला दाखवली, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला दाखवली, सकाळी दूधवाल्याला थांबवून दाखवली. दूधवाला बिचारा "वा, वा" म्हणाला आणि निघून गेला. मला लाज वाटली होती. आज वाटते की नाही, ते सांगता येणार नाही.

त्याच सुमारास एका सकाळी दात घासता घासता त्यांच्या हातातून ब्रश पडला. उचलायला वाकले ते तसेच कलंडले. लकवा. उजवा हात, उजवा पाय गेला आणि तोंड डावीकडे ओढलं गेलं. शेजाऱ्यांनी गाडी काढली, गोंदियाच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं खिडकीवर आरोग्य कार्ड मागितलं. मी म्हटलं, फोनात आहे. खिडकीतल्या मुलीनं चांगुलपणानं सांगितलं, काकू, त्यांच्या तोंडासमोर धरा, उघडेल. ते स्ट्रेचरवर होते. मी फोन धरला. फोन थरथरला आणि लिहून आलं, चेहरा जुळत नाही. मी पुन्हा धरला. शेजाऱ्यानं धरला. वरून धरला, बाजूनं धरला. चेहरा जुळत नाही. नंतर तर तेही येईनासं झालं. नुसतं लिहून यायचं, नंबर टाका. तो नंबर त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता आणि त्यांची वाचा गेली होती.

शेवटी मुलीनं पुण्याहून आधारचा नंबर सांगितला आणि दवाखान्याचं काम झालं. उपचार काही अडले नाहीत, उगाच कुणाला बोल लावायचा नाही. पण त्या फोनवरची ती अक्षरं माझ्या काळजात रुतून बसली. नवऱ्याकडे बघून मी अजून रडलेही नव्हते, आणि हा फोन मला सांगत होता की हा तो माणूस नाही.

पुण्याला जायचा दिवस दवाखान्यातच उजाडला. स्टुलावर ठेवलेला फोन घुरघुरला आणि बंद काचेवर आपोआप उमटलं की आज तुमचा प्रवास आहे, गाडी वेळेवर आहे. तिकिटं रद्द करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मी तोंडात पदर कोंबून रडले. ते टक लावून छताकडे बघत होते.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येईल. त्यानंतर फार आशा धरू नका. मालीश करा, व्यायाम करून घ्या. वाचा येईल का, विचारलं, तर म्हणाले, बघू. जिभेवर दोनच शब्द परत आले होते, "समोर सरका". तहान लागली तरी समोर सरका, पाठ दुखली तरी समोर सरका, माझ्यावर चिडले तरी तेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. मग दिवसभर तेवढंच ऐकून माझं डोकं फिरायचं. मी ओरडायचे, "सरकली ना! आणखी कुठं सरकू?"

मुलगी सुटी काढून येऊन राहिली, इकडे तिकडे धावली आणि सगळी कार्डं नव्यानं करून आणली. प्लास्टिकच्या थैलीत घालून कपाटात ठेवली. म्हणजे त्या फोनावाचून आता काही अडलेलं नव्हतं. बाजारातल्या मोबाइलवाल्याकडे मी तरीही गेले. तो म्हणाला, "भाभीजी, गलत नंबर डालते रहोगे तो फोन पूरा साफ करना पड़ेगा। किसी के हाथ में मत देना।" म्हणून मी तो कुणाच्या हातात देत नव्हते. त्यांच्या डाव्या हातातही नाही. चुकून काहीतरी दाबलं तर?

आणि मुलगी परत गेल्यावर रोज सकाळी मी तो फोन त्यांच्या तोंडासमोर धरायचे.

कार्डं तर मिळाली होती, मग कशाला धरत होते? खरं सांगते, मला ते पाकीट नकोच होतं. मला तो चेहरा परत हवा होता. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, आता चांगले दिसून राहिले हो, तोंड बरंच सरळ झालं. सगळे माझं मन राखायला बोलत. फोन कुणाचं मन राखत नाही. ज्या दिवशी तो उघडेल त्या दिवशी माझा नवरा परत आला, असं मी धरून चालले होते. देवापुढे दिवा लावला की लगेच फोन. किती मूर्खपणा होता, मला कळत होतं, पण जीव तिथं टांगलेला होता त्याला काय करू?

फोनाला ओळखायला सोपं जावं म्हणून मी काय काय केलं! रोज दाढी करायला शिकले, पहिल्यांदा हनुवटी कापली. पूर्वीचाच चष्मा घातला. केसांना तेल लावून पूर्वीसारखा भांग पाडला. खाटेवरून उठवून ओसरीतल्या त्याच खुर्चीत बसवलं. एकदा तर उजवा लोंबलेला गाल एका बोटानं वर उचलून धरला आणि दुसऱ्या हातानं फोन. माझं बोट त्यांच्या ओठापाशी होतं, लाळेनं ओलं झालं. फोन म्हणाला, नंबर टाका. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढे पुढे फोन दिसला की ते डोळेच मिटायचे. मला राग यायचा. डोळे मिटले तर ओळखणार कसा?

हिवाळा गेला, उन्हाळा लागला. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत आले. हात तसाच, तोंड तसंच.

एका दुपारी मी फोन त्यांच्या उशाशी विसरून आत पोळ्या करायला गेले. बाहेर आले तर फोन त्यांच्या डाव्या हातात आणि उघडा! काचेवर मुलीचा लहानपणचा फोटो, ज्याच्यावर त्यांनी पूर्वी सगळ्या अ‍ॅपची चित्रं लावून ठेवली होती. अंगठ्यानं त्यांनी नंबर दाबला होता. बोलणं गेलं होतं, आकडे मात्र शाबूत होते. मी कणकेच्या हातानंच त्यांचं डोकं पोटाशी धरलं. हा माणूस आत आहे, सगळं समजतंय त्याला! त्याच फोनावरून मी मुलीला फोन लावला, व्हिडिओवर. ती हसत होती आणि रडतही होती.

तिला मी सगळं सांगितलं, सकाळचं दाढीचं, गालाचं. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "आई, फोन चेहरा बघतच नव्हता."

"म्हणजे?"

"सुरुवातीला दवाखान्यात काही वेळा जुळला नाही ना, त्यानंतर हे फोन चेहरा बघणंच बंद करतात. नंबर टाकेपर्यंत नुसता नंबर मागतात. बाबांचा चेहरा त्यानं नंतर पाहिलाच नाही."

मी खाली बसले. इतक्या सकाळी, इतक्या दाढ्या, आणि समोर बघणारं कुणी नव्हतंच. मला त्या फोनाचा, मुलीचा, सगळ्या जगाचा संताप आला. मग संतापाच्या मागून दुसरंच काही वर आलं. फोननं पाहिलंच नसेल तर त्यानं नाकारलंही नव्हतं. कदाचित चेहरा केव्हाच परत आला असेल! लोक म्हणत होते ते खरंही असेल! "आता बघेल का तो?" मी विचारलं. ती म्हणाली, "आता नंबर पडला, आता बघेल." मग जरा थांबून म्हणाली, "नाही जुळला तर नवा चेहरा नोंदवता येतो, आई. वाईट वाटून घेऊ नको."

संध्याकाळी आम्ही दोघं पाकीट बघत बसलो. माझी कार्डं, त्यांची कार्डं, सगळी रंगीत, जशीच्या तशी. हिरवी तिकिटं नव्हती. खाली मुदत संपलेल्यांचा वेगळा कप्पा होता, ती तिथं राखाडी होऊन पडली होती.

सकाळी मी दाढी अगदी हळू केली. चष्मा पुसून घातला. खुर्ची उजेडाकडे केली. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत. मुलीचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी मान जितकी ताठ होईल तितकी ताठ केली, डोळे मोठे केले आणि पासाचा फोटो काढताना बसावं तसे श्वास रोखून बसले. तोंड सरळ करायचा प्रयत्न करत होते. गळ्याची शीर ताणलेली मला दिसत होती. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं, वाट मी एकटीच बघतेय.

मी फोन धरला. एक छोटं वर्तुळ फिरलं. फोन खरंच बघत होता. मग थरथरला. चेहरा जुळत नाही.

"थांबा, उजेड कमी पडला," मी म्हटलं आणि खुर्ची आणखी वळवली. चेहरा जुळत नाही. चष्मा काढून पाहिला. जुळत नाही. मी पुन्हा धरणार, तेवढ्यात त्यांनी डावा हात पुढे केला आणि फोन माझ्याकडून काढून घेतला.

अंगठ्यानं नंबर टाकला. मग कुठं कुठं जात राहिले, सावकाश, एकेक ठिकाणी थांबत. मला वाटलं पाकिटात जातायत. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. काचेवर विचारलेलं होतं, चेहऱ्याची नोंद काढून टाकायची का?

"पोरगी म्हणते नवा नोंदवता येते," मी म्हटलं. "हाच नोंदवू ना. हाही तुमचाच हाये."

त्यांनी मान हलवली. नाही. अंगठा त्या अक्षरांवर तसाच धरून त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. ते नुसते वाट बघत होते. गाडी स्टँडवर उभी आहे आणि मी अजून पिशवी शोधतेय, असं झालं की ते असेच उभे राहायचे. मला त्यांच्या हातातून तो फोन हिसकावून भिंतीवर आपटावासा वाटला. पुढच्या सगळ्या सकाळी मला आत्ताच दिसत होत्या. त्यांत दाढी होती, मालीश होतं, पण कशाची वाट बघणं नव्हतं.

मी त्यांच्या हनुवटीला राहिलेला साबण पदरानं पुसला.

"दाबा," मी म्हटलं.